आत्म्याची काळजी की माणसाची?

ख्रिस्ती परंपरेत पाळकाच्या कार्यास लॅटिनमध्ये 'कुरा आनिमारुम', म्हणजे आत्म्यांची काळजी, असे म्हणतात. इ. स. ५९० च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिला याने पाळकांसाठी लिहिलेल्या नियमग्रंथात श्रीमंत व गरीब, धनी व दास, आनंदी व दुःखी यांना एकच उपदेश चालत नाही, हे तपशिलाने सांगितले आहे. मानवी स्वभावाची ही पारख आम्हांस आदरणीय वाटते. आमचा आक्षेप आहे तो या काळजीच्या मुळाशी कल्पिलेल्या आत्म्यावर.

हा आत्मा हिब्रू धर्मग्रंथांतला म्हणावा, तर तसेही नाही. तेथील 'नेफेश' म्हणजे कंठ, श्वास, जीव. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला नेफेश दिला जात नाही. माणूसच जिवंत नेफेश होतो. (मराठी बायबलमध्येही अनेक ठिकाणी 'जीव' हाच शब्द योजला आहे.) देहाहून वेगळ्या अमर आत्म्याची कल्पना ग्रीकांची, असे ऑस्कर कुलमान या ख्रिस्ती पंडितानेच १९५५ च्या व्याख्यानात मांडले.

या द्वैताचा सामाजिक परिणाम काय झाला? अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने १६६७ मध्ये कायदा केला की, बाप्तिस्म्याने गुलामाचे दास्य संपत नाही. मालकांनी निःशंकपणे गुलामांना ख्रिस्ती होऊ द्यावे, हा त्यामागील उघड हेतू. आत्मा तारला, देह साखळदंडात! सर्वांभूती एकच आत्मा पाहणाऱ्यांनी आपल्याकडे अस्पृश्यता पाळली, त्यातलाच हा प्रकार. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते, हे आम्ही नाकारीत नाही; पण ते लढले जिवंत माणसासाठी.

पुढे अँटन बॉइसन या धर्मोपदेशकाने, जो स्वतः मनोरुग्णालयात राहून आला होता, १९२५ पासून मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकण्यास लावले. ग्रंथांप्रमाणेच रुग्णाचे जीवनही वाचावे, ही त्याची दृष्टी. आमच्या मते, येथून आत्मा वगळला तरी काळजीचे काही अडत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) मध्ये आत्म्यावरील विश्वास अधम्म ठरविला. त्यातून पुरोहिताची माणसावर जन्मापासून मृत्यूपर्यंत सत्ता चालते, हे त्याचे एक कारण. आणि तथागतांनी अतिसाराने पडलेल्या भिक्खूस आनंदासह स्वतः धुऊन मंचकावर ठेवले, ही महावग्गातील कथा वाचकांस परिचित आहे. तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे काय, असे तेथे विचारले गेले. आत्म्याचा प्रश्न निघाला नाही. अनात्मवादाच्या मंडनात आमची व्याख्याने रंगतात. रुग्णालयातील खाटेपाशी जाण्याचे काम मात्र आमच्या किती विहारांनी कोणाकडे सोपविले आहे?