वंचित विद्यार्थी आणि पीएच.डी.ची पूर्वतयारी : दोन अमेरिकन उपक्रमांची चिकित्सा

प्रस्तावना

विज्ञान व अभियांत्रिकीच्या संशोधनात समाजातील वंचित घटकांचे प्रतिनिधित्व अल्प असते, ही वस्तुस्थिती सर्वमान्य आहे. तिच्या कारणांविषयी मात्र एकमत नाही. आर्थिक विवंचना हे कारण निःसंशय आहे. परंतु केवळ शिष्यवृत्ती दिल्याने विद्यार्थी संशोधक होत नाही, हाही सार्वत्रिक अनुभव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार भारतात चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो. त्यामुळे पूर्वतयारीची जी जबाबदारी आजवर पदव्युत्तर विभागांची मानली जात होती, ती आता पदवी महाविद्यालयांवरही आली आहे. अमेरिकेत या प्रश्नावर १९८० च्या दशकापासून पद्धतशीर काम झालेले आहे. प्रस्तुत लेखात तेथील मॅकनेअर व मायरहॉफ या दोन उपक्रमांच्या आधारे निवडीचा निकष आणि पूर्वतयारीचे स्वरूप यांची चिकित्सा केली आहे.

न्यूनतेच्या गृहीतकाचा पुनर्विचार

या विषयाची चर्चा बहुधा विद्यार्थ्यामध्ये काय कमी आहे या प्रश्नापासून सुरू होते. या गृहीतकाला पहिला महत्त्वाचा छेद गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी दिला. १९७० च्या दशकात बर्कले येथे कलनशास्त्राच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात अनुत्तीर्ण होत असत. प्रेरणेचा अभाव, कच्चा पाया, कुटुंबाची उदासीनता आणि गरिबी ही त्याची रूढ कारणे सांगितली जात. ट्राइसमन यांनी प्रत्येकी वीस कृष्णवर्णीय व चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासपद्धतीचे निरीक्षण केले, तेव्हा ही कारणे अपुरी ठरली. चिनी विद्यार्थी एकत्र बसून गणिते सोडवीत, परस्परांच्या चुका दाखवीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी परिश्रम घेत, पण एकटे. यावरून त्यांनी आखलेल्या कार्यशाळांत उपचारात्मक शिकवणीऐवजी नेहमीपेक्षा कठीण गणिते गटाने सोडवायला दिली आणि निकाल लक्षणीयरीत्या सुधारले. ‘दुर्बल’ समजल्या गेलेल्या विद्यार्थ्याला सोपे काम देणे हा त्याच्यावरील उपकार नसतो, हा या प्रयोगाचा मुख्य निष्कर्ष म्हणावा लागेल.

दोन उपक्रम, दोन निकष

भौतिकशास्त्रज्ञ व अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने संघीय उपक्रमाची तरतूद झाली. दक्षिण कॅरोलायनातील एका लहान गावातून येऊन त्यांनी १९७६ साली एमआयटीची पीएच.डी. मिळविली होती. या उपक्रमातील किमान दोन-तृतीयांश विद्यार्थी अल्प उत्पन्न गटातील आणि कुटुंबात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचणारे असावेत, अशी अट आहे. येथे निवडीचा आरंभबिंदू विद्यार्थ्याची सामाजिक स्थिती हा आहे. संशोधनाचा अनुभव, परिसंवाद व प्रवेशप्रक्रियेतील साहाय्य असे त्याचे स्वरूप असून तो विविध संस्थांमध्ये लहान गटांतून राबविला गेला.

मायरहॉफ उपक्रम बाल्टिमोर काउंटी येथील मेरीलँड विद्यापीठात १९८८ साली रॉबर्ट व जेन मायरहॉफ यांच्या देणगीतून आणि फ्रीमन ह्राबॉव्स्की यांच्या पुढाकाराने सुरू झाला. १९८९ च्या पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय तरुण होते. १९९० पासून विद्यार्थिनींना व १९९६ पासून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना तो खुला झाला. प्रवेशापूर्वीचे सहा आठवड्यांचे उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास, प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष काम, कुटुंबाचा सहभाग आणि सतत देखरेख ही त्याची अंगे आहेत. प्रारंभीच्या विषयात ‘सी’ श्रेणी मिळाल्यास तो विषय पुन्हा घेण्यास सांगितले जाते. केवळ उत्तीर्ण होणे तेथे पुरेसे मानले जात नाही. मॉडर्नाच्या कोविड लशीच्या संशोधनातील किझमेकिया कॉर्बेट याच उपक्रमाच्या विद्यार्थिनी होत.

मूल्यमापनाची मर्यादा

केनेथ मेटन व सहकाऱ्यांच्या अभ्यासांनुसार, निमंत्रण मिळूनही अन्यत्र गेलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत मायरहॉफ विद्यार्थी विज्ञानातील डॉक्टरेटच्या वाटेवर जाण्याचे प्रमाण सुमारे पाचपट आढळले. ही तुलना एका अर्थी काटेकोर आहे, कारण दोन्ही गट एकाच चाळणीतून आलेले आहेत. तरीही ज्यांना संशोधनाची ओढ होती त्यांनीच निमंत्रण स्वीकारले असण्याची शक्यता उरते. पेन स्टेट व नॉर्थ कॅरोलायना (चॅपेल हिल) विद्यापीठांत २०१३ पासून या उपक्रमाचे अनुकरण झाले आणि तेथील प्रारंभिक निष्कर्षही अनुकूल आले. त्यामुळे यशाचे श्रेय केवळ संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वाला देता येत नाही.

खरी मर्यादा याहून मूलभूत आहे. हे विद्यार्थी शालेय जीवनातच गणित व विज्ञानात उत्तम गुण मिळवून आलेले होते. चाळणीच्या खाली राहिलेल्यांना हीच सोबत आणि हीच शिस्त मिळाली असती तर काय घडले असते, याचे उत्तर उपलब्ध तुलनेतून मिळत नाही. मॅकनेअरने वंचिततेची व्याख्या अधिक प्रामाणिकपणे केली. मायरहॉफने पूर्वतयारीची व्याख्या अधिक सखोल केली. या दोहोंचा संयोग क्वचितच साधला गेला, ही या परंपरेची उणीव होय.

भारतीय संदर्भ

हीच उणीव आपल्या रचनेत आरंभीच शिरण्याचा धोका आहे. आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांनाच चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय आहे. पदवीनंतर थेट पीएच.डी. प्रवेशासाठीही ७५ टक्क्यांची अट असून राखीव व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत देता येते. म्हणजे संशोधनाचा पहिला स्पर्श चाळणीनंतर होतो. आणि ती चाळणी ज्या तीन वर्षांवर अवलंबून आहे, त्यांत भाषांतराशी झगडणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी बहुधा एकटाच असतो. सवलतीने उंबरठा किंचित खाली येतो, परंतु त्या तीन वर्षांतील एकाकीपणा तसाच राहतो.

समारोप

गुणांची अट बदलणे महाविद्यालयाच्या हाती नाही. पहिली तीन वर्षे कशी घडवायची हे मात्र बऱ्याच अंशी प्राध्यापकांच्या हाती आहे. प्रथम वर्षापासून कठीण प्रश्नांवर गटाने काम, मातृभाषेतून चर्चेची मुभा, दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत गुणनिरपेक्ष प्रवेश आणि रेषेच्या थोडे खाली राहिलेल्यांच्या पुढील वाटचालीची नोंद, एवढे विभागीय स्तरावर शक्य आहे. त्यासाठी मोठ्या देणगीपेक्षा अध्यापनाचा वेळ अधिक लागेल, आणि कार्यभाराच्या तक्त्यात त्या वेळेला स्थान देण्याचा निर्णय महाविद्यालयांना घ्यावा लागेल. तो न घेतल्यास चौथे वर्ष आधीच सक्षम असलेल्यांच्या नावनोंदणीपुरते उरेल.