हशाआड लपलेलं मरण

थर्टी फर्स्ट जवळ आला की ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा हमखास दिसतो. तळीराम हे राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधलं पात्र. गडकरी गेले त्याच वर्षी, १९१९ मध्ये, हे नाटक रंगभूमीवर आलं. तळीरामाचं नाव भाषेत रुजलं. तो नाटकात मरतो, हे मात्र आपण विसरलो.

गडकऱ्यांचा डाव हाच आहे. कोर्टात अपमान झालेल्या वकील सुधाकरच्या हाती तळीराम पहिला प्याला देतो. पुढे काय होणार ते शीर्षकातच कळतं. पण तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आपल्याला हसवत राहतात. त्याच्या आजारपणातसुद्धा डॉक्टर-वैद्यांच्या भांडणावर हशा पिकतो. सुधाकरच्या मरणाची रंगीत तालीम समोर चालू असते आणि आपण टाळ्या वाजवत असतो.

सिंधूच्या मरणाला विनोदाचा आडोसा नाही. ती जात्यावर दळते, उपासमार सोसते, नवऱ्याला शब्दाने दुखवत नाही. दारूच्या भरात त्याच्या हातून बाळ जातं, ती स्वतः मरणाच्या दारात पोचते, तरी पोलिसांसमोर खोटं बोलून त्याला वाचवते. ते खोटं ती पहिल्या अंकापासूनच्या सोशिकपणातून शिकत आलेली असते. बालगंधर्वांनी उभी केलेली ही सिंधू प्रेक्षकांनी पतिव्रता म्हणून डोक्यावर घेतली. मला मात्र तिचं ते सोसणं नाटकातली सर्वांत स्पष्ट धोक्याची सूचना वाटते. आपण तिचं कौतुक करत बसलो, म्हणून ती ऐकू आली नाही.