विस्थापित कोणास म्हणावें?

इर्मगार्ड फ्लुगे-लोट्झ (१९०३–१९७४) या जर्मन एंजिनियर विदुषींचीं जीं अल्पचरित्रें आढळतात, त्यांत १९४४ ते १९४८ हा काळ बहुधा दोन-तीन वाक्यांत उरकलेला असतो. बर्लिनवर बाँबवर्षाव वाढला, संस्था हलली. पुढें पॅरिस, पुढें अमेरिका. आणि लागलीच यशोगान! चरित्राचा सांधा जेथें आहे, तेथेंच लेखकांनीं घाई करावी, हा आमचा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप बाईंस सरसकट 'विस्थापित' म्हणण्यावर आहे. मास्तरकीच्या जुन्या संवयीप्रमाणें शब्दाची फोड करूं. 'स्थापित' हें 'स्था' धातूच्या प्रयोजकाचें रूप आहे. तेव्हां हलविणारा कोण, हा प्रश्न शब्दांतच अंतर्भूत आहे. बाईंनीं १९२९ सालीं हानोव्हर येथें डॉक्टरेट मिळवून गोटिंगेन येथें विमानाच्या पंखावरील उत्थापक बलाच्या वांटणीचें गणित सिद्ध केलें. त्याच नगरींतून १९३३ सालीं एमी नोएटर या थोर गणितीस यहुदी म्हणून राजसत्तेनें पदच्युत केलें. तेथें हलविणारी राजसत्ता. १९४४ सालीं मात्र बर्लिनच्या विमानसंशोधनसंस्थेंतील बाईंचा विभाग साउलगाउ येथें नेण्यांत आला, तो त्यांचें काम राज्यास हवें होतें म्हणून. दोन्ही प्रसंगांस एकच शब्द लावणें म्हणजे पहिल्या अन्यायाचें वजन कमी करणें होय.

युद्धानंतर साउलगाउ फ्रेंच अंमलाखालीं आलें. १९४७ सालीं हें दांपत्य पॅरिस येथील फ्रेंच विमानसंशोधनसंस्थेंत गेलें व १९४८ सालीं स्टॅनफर्ड येथें. तेथें पति प्राध्यापक झाले. बाईंस, पतिपत्नींस एकत्र प्राध्यापक न नेमण्याच्या प्रघातामुळें, केवळ व्याख्यात्याची जागा मिळाली. तरीहि त्या संशोधन करीत होत्या व शिष्य तयार करीत होत्या. खंडित स्वयंनियंत्रणावरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं निघाला. त्या विषयाचें मूळ युद्धकालीन बर्लिनच्या कामांत आहे. १९६० सालीं मॉस्कोच्या नियंत्रणशास्त्र परिषदेंत अमेरिकेतर्फे गेलेल्या त्या एकमेव स्त्री प्रतिनिधि होत्या. पूर्ण प्राध्यापकपद मिळालें तें त्यानंतर.

म्हणजे देश सुटला तरी विद्या सुटली नाहीं. सुटली ती पदवी, आणि तीहि शांततेच्या काळांत, सुरक्षित भूमीवर. ही नोंद बाईंच्या गौरवास बाध आणीत नाहीं. पुढील चरित्रकारानें प्रत्येक स्थलांतरापाशीं थांबून दोनच प्रश्न विचारावे: हलविलें कोणीं, आणि हलतांना हातचें काय गेलें? उत्तरें निरनिराळीं येतील. तीं निरनिराळींच नोंदवावीं.