टकळीचा वेग आणि हाताचे शिकणे

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा जो आराखडा दिला, त्यावर आजवर पुष्कळ टीका झाली आहे. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची काय, हा आक्षेप तर परिषदेतच निघाला होता. आम्ही येथे एकच गोष्ट तपासतो : हाताचा सराव त्यात कसा मोजला गेला?

साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे उद्योगाला होती. म्हणजे सरावाला तोटा नव्हता. पण कताईतली प्रगती ठरायची ती मुख्यतः ठरावीक वेळात किती सूत निघाले आणि ते किती अंकाचे, यावर. शिक्षणापेक्षा उत्पन्न वरचढ होईल, हा धोका समितीने स्वतःच बोलून दाखवला होता. मोजमाप मात्र उत्पन्नाचेच राहिले.

वेगाचा आकडा वाढवायचा तर सोपा मार्ग एकच : त्याच जाडीचे सूत सलग काढत राहायचे. नेमकी येथेच गफलत होते. १९७९ साली शिया आणि मॉर्गन यांनी एक प्रयोग केला. हातात चेंडू घेऊन लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने झटपट पाडायच्या. असे तीन क्रम. एका गटाने एक क्रम संपवून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केले. सराव चालू असताना मिसळणारे मागे पडले. दहा दिवसांनी चाचणी घेतली, तेव्हा तेच पुढे होते! पुढे २००७ मध्ये क्रॉस, श्मिट आणि ग्राफ्टन यांनी बोटांच्या हालचाली शिकणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. मिसळून सराव करणाऱ्यांत हालचालीपूर्वीच्या तयारीच्या क्षणी मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसले. प्रत्येक वेळी बेत नव्याने आखावा लागतो, असा त्याचा अर्थ लावतात.

हे प्रयोग टकळीवर झालेले नाहीत, आणि प्रयोगशाळेबाहेर हा परिणाम बराच सौम्य आढळतो. तरीही, तासाच्या शेवटी लटी मोजून कोण किती शिकले हे कळत नाही, एवढे म्हणता येते. जाड-बारीक सूत आलटूनपालटून काढायला लावावे आणि परीक्षा आठवडाभराच्या खंडानंतर घ्यावी. मात्र ज्याचा धागा वीतभर निघताच तुटतो, त्या मुलाला आधी एकाच जाडीचे सूत काढू द्यावे.