मुळा-प्रवरा 'अयशस्वी' ठरली का? आधी हा प्रश्नच तपासू

पीएचडीच्या तयारीत असलेले बरेच जण मला विषय पाठवतात आणि दहापैकी आठ शीर्षकांच्या शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' असं असतं. चिकित्सा नेमकी कशाची करणार, असं विचारलं की समोरून उत्तर येत नाही. हसू नका, माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षकही असंच होतं: 'मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेच्या अपयशाची कारणे: एक चिकित्सक अभ्यास'. गाईडनी त्यातल्या फक्त 'अपयश' या शब्दाला गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'कोणाचं? आणि कोणी ठरवलं?' त्या दोन प्रश्नांत माझे सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी प्रकरण काय ते समजून घ्या

१९३५ साली अमेरिकेत दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. विरळ वस्तीत तारा ओढणं खासगी कंपन्यांना परवडत नव्हतं. त्या वर्षी तिथे ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली, १९३६ मध्ये कायदा झाला आणि सरकारी कर्जावर शेतकऱ्यांनी स्वतःच्या वीज सहकारी संस्था काढल्या. कनेक्शन घेतो तो सभासद. प्रत्येकाला एक मत. वर्षाअखेर पैसा उरला तर तो वापराच्या प्रमाणात सभासदांच्या नावे जमा होतो. आजही तिथे अशा शेकडो संस्था चालू आहेत.

साठच्या दशकात हे मॉडेल अमेरिकन तज्ज्ञांसोबत भारतात आलं. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झालं आणि देशात पाच ठिकाणी प्रयोग ठरला. महाराष्ट्रातला प्रयोग म्हणजे श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. जागा सहज निवडलेली नव्हती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच पट्ट्यात. मंडळाकडून घाऊक वीज विकत घ्यायची आणि आपल्या तारांवरून सभासदांना पुरवायची, असं संस्थेचं काम. ते सुमारे चाळीस वर्षं चाललं. जानेवारी २०११ अखेरीस परवाना संपला आणि तो भाग महावितरणकडे गेला. तोवर घाऊक विजेची थकबाकी हजार कोटींच्या वर गेली होती.

ही गोष्ट एका ओळीत सांगायची पद्धत तुम्हाला माहीत आहे: 'सहकारात राजकारण शिरलं, थकबाकी वाढली, संस्था बुडाली.' मीही तेच लिहिलं होतं.

पहिली अडचण: मोजपट्टी

वीज वितरणाचं यश साधारण दोन आकड्यांवर ठरवतात, गळती आणि थकबाकी. दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण ते कसे तयार होतात ते बघा. शेतीपंपाला मीटर नसेल तर हॉर्सपॉवरवर बिल येतं. मग त्या पंपाने किती युनिट ओढले हा अंदाज असतो. अंदाज वाढवला की गळती कमी दिसते, कमी केला की जास्त दिसते. म्हणजे 'गळती' हा आकडा वापरण्याआधी त्या भागात किती पंपांना मीटर होते, हे शोधावं लागतं.

दुसरं म्हणजे ग्राहकांची सरमिसळ. राज्यभर पसरलेल्या मंडळाकडे पुणे, ठाणे, औरंगाबादचे कारखाने होते. उद्योगांकडून जादा दर घ्यायचा आणि शेतीला स्वस्त द्यायचं, हे त्याला जमत होतं. पाच तालुक्यांतल्या गावांपुरत्या आणि शेतीवर उभ्या असलेल्या संस्थेकडे असे ग्राहक कुठून येणार? तिला विजेचा विक्रीदरही मनाने ठरवता येत नव्हता आणि घाऊक खरेदीचा दरही. मधल्या फटीत ती सापडली. घाऊक दरावरून मंडळाशी तिचा वाद वर्षानुवर्षं चालला तो यामुळेच.

आता एक साधी तुलना करा. महावितरणची शेतीपंपांची थकबाकी २०२० पर्यंत चाळीस हजार कोटींच्या पुढे होती. त्यावरून 'सरकारी कंपनी हे मॉडेलच अयशस्वी' असा प्रबंध तुम्ही वाचलाय? मी नाही. तिथे आपण म्हणतो, 'धोरणाचा प्रश्न आहे.' सहकारी संस्था असली की म्हणतो, 'सहकाराचा प्रश्न आहे.' आजार एक आणि निदानं दोन, असं दिसलं की संशोधकाने थांबायला हवं.

दुसरी अडचण: तुलनाच नाही

त्याच काळात, त्याच प्रयोगात सुरू झालेल्या दोन संस्था आजही चालू आहेत. एक बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरी, आपल्या सीमेला लागून. दुसरी तेलंगणातली सिरसिल्ला. सिरसिल्लाच्या संचालक मंडळाची निवडणूक डिसेंबर २०२२ मध्ये राजकीय पक्षांनी आमदारकीसारखी लढवली. म्हणजे राजकारण तिथेही भरपूर आहे. मग 'राजकारण शिरलं म्हणून बुडाली' हे कारण पुरतं का? सिरसिल्लासारख्या संस्थांसाठी घाऊक विजेचा वेगळा, सवलतीचा दर नियामक आयोग ठरवत आला, हा फरक निदान तपासायला तरी हवा. बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या साखर कारखान्याचा अभ्यास १९८० साली पुस्तकरूपाने मांडला. सहकारात राजकारण येणारच, प्रश्न ते कसं चालतं याचा आहे, ही नजर मला तिथून मिळाली.

तिसरी अडचण: चांगल्या पुस्तकातली मोकळी जागा

सुनिला काळे यांचं 'इलेक्ट्रिफाइंग इंडिया' (२०१४) जरूर वाचा. महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा यांची तुलना करून त्या दाखवतात की जिथे ग्रामीण शेतकरी वर्ग राजकारणात ताकदवान झाला तिथे खेड्यांत वीज आधी पोचली. मांडणी भक्कम आहे. पण तार गावात *का पोचली* हे त्यातून कळतं. पोचलेल्या तारेवर *हक्क कोणाचा*, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आपल्यासाठी मोकळा आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये 'अमुक यांनी असे म्हटले आहे' याची रांग लावू नका. त्यांनी कुठला प्रश्न सोडवला आणि कुठला शिल्लक राहिला, ते लिहा.

आता उलट्या बाजूनेही बघू

इथवर वाचून मी संस्थेची वकिली करतोय असं वाटलं असेल, तर सांभाळा. सहकारी संस्थांचं कौतुक करणारं लिखाणही तितकंच आळशी असतं. वीज सहकारी संस्था 'सभासदांची आणि समाजाची सेवा' कशी करते, असं विचारलं की यादी येते: शिष्यवृत्त्या, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण. सहकाराच्या सात तत्त्वांपैकी सातवं तत्त्व समाजाप्रती आस्थेचं आहे, हे खरं. पण शिष्यवृत्ती कुठलीही कंपनी देते. त्यासाठी सभासद कशाला व्हायचं?

म्हणून मी मोजपट्टी बदलली. माझे प्रश्न आता असे आहेत. डीपी जळाली तर कोणाची आधी बदलायची, हे कोण ठरवतं आणि सभासदाला त्याचा जाब विचारता येतो का? ताळेबंद त्याच्या हातात येतो का? संचालक बदलण्याइतकी मतं कधी खरोखर पडली का? दर वाढला तेव्हा सर्वसाधारण सभेत काय बोलणं झालं? आपल्या कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने 'क्रियाशील सभासद' हा शब्द आला. पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहणं ही त्यातली एक अट. पाच वर्षांत एकदा! इतकी खाली अट ठेवावी लागली, यातच पुष्कळ काही आलं.

माझ्या अभ्यासाचा कणा आता एकच प्रश्न आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये त्या गावांतला माणूस सभासदाचा ग्राहक झाला, *तेव्हा त्याचं काय गेलं?* बिलावरचं नाव सोडून काहीच बदललं नाही, असं तो सांगत असेल, तर संस्थेवर यापेक्षा कडक टीका नाही. चाळीस वर्षं तो कागदावरच मालक होता. आणि काहीतरी गेलं असं तो सांगत असेल, तर 'अपयश' हा शब्द आपल्याला परत घ्यावा लागेल. उत्तर काय येईल ते मला अजून माहीत नाही, म्हणूनच हा संशोधनाचा प्रश्न आहे.

शिंदखेड्याचा माणूस श्रीरामपूरला कशाला?

मुलाखतीत हे मला विचारलं गेलं, तुम्हालाही विचारतील. मी शिंदखेडा तालुक्यातला. आमच्याकडे संध्याकाळी पारावर पहिला प्रश्न असतो, "लाइट उनी का?" थ्री फेज या आठवड्यात दिवसा की रात्री, यावर कापसाचं पाणी ठरतं आणि बापाची झोपही. विजेशी आमचं पहिलं नातं ग्राहकाचं. दुसरं लाभार्थ्याचं: मोफत वीज, सौर पंप, योजना बदलत राहतात. तिसरं नातं जमिनीचं. विखरण-मेथी शिवारात औष्णिक प्रकल्पासाठी जमिनी गेल्या. तो प्रकल्प उभा राहिला नाही, पुढे त्या जागी सौर प्रकल्पाचं ठरलं. मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि त्यातच ते गेले. त्यांच्यासाठी सरकारी कागदात शब्द असतो 'प्रकल्पबाधित'.

ग्राहक, लाभार्थी, बाधित. या तिन्ही शब्दांत निर्णय दुसरीकडे होतो. चौथा शब्द, सभासद, आमच्याकडे विकास सोसायटीपुरता माहीत आहे. विजेच्या बाबतीत तो कुठे वापरून पाहिला गेला असेल तर दोनशे किलोमीटरवर श्रीरामपूरला. तिथे त्याचं काय झालं हे कळल्याशिवाय, उद्या आमच्या शिवारातल्या सौर पॅनेलवर शेतकऱ्यांची सहकारी मालकी असावी, असं कोणी म्हटलं तर मी हो म्हणू की नाही?

तुम्ही काय कराल

कागद कुठे मिळतील? वीज नियामक आयोगाचे आदेश सार्वजनिक असतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यात सविस्तर असतं, तेव्हा निकालाची शेवटची दोन पानं वाचून थांबू नका. संस्थेकडून थेट माहिती अधिकारात कागद मिळतीलच असं नाही. २०१३ च्या थलप्पलम निकालानुसार प्रत्येक सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. पण निबंधक ठरतात. कायद्याने निबंधकांना जे कागद संस्थेकडून मागता येतात, ते तुम्ही निबंधकांकडे मागू शकता. लेखापरीक्षण अहवाल आणि सभांची इतिवृत्तं आधी मागा.

आणि माणसं. १९७१ च्या आसपास पंचविशीत ज्याने पहिलं कनेक्शन घेतलं, तो आज ऐंशीच्या घरात आहे. पहिल्या सर्वसाधारण सभेत काय बोललं गेलं हे इतिवृत्तात दोन ओळींत असेल, त्याला ते तासभर आठवेल. डेटा गोळा करायला 'पुढच्या वर्षी जाऊ' असं मी एकदा ठरवलं होतं. ज्या घरी जायचं होतं तिथे नंतर गेलो तेव्हा भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. त्यात 'अपयश', 'यश', 'प्रभाव', 'विकास' यांपैकी जो शब्द असेल त्याला गोल करा आणि बाजूला लिहा: कोणाचं? कोणी ठरवलं? उत्तर एका परिच्छेदात लिहून पाठवा, मी वाचतो.