नोंदवहीतील पालकत्व : अपुऱ्या दिवसांच्या दोन बालकांच्या कथा

अपुऱ्या दिवसांच्या बालकाविषयी लिहू पाहणाऱ्या आईबापांपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. चरित्राला नायक लागतो आणि नायकाच्या हातून काही घडावे लागते. नळ्यांच्या जाळ्यात निपचित पडलेल्या, किलोभरही वजन नसलेल्या जिवाच्या बाबतीत असे काही घडत नाही. पालकांच्याही हाती फारसे काही उरत नाही. ऊब इन्क्युबेटर देतो, श्वास व्हेंटिलेटर चालवतो, अन्न शिरेतून जाते आणि लंगोट बदलणेही परिचारिकेच्या वेळापत्रकात बसलेले असते. राहते ते पाहणे आणि टिपून ठेवणे. नवजात अतिदक्षता विभागातील पालकत्व बहुतांशी या टिपण्यातच सामावलेले असते, आणि या अनुभवातून निर्माण झालेल्या वाङ्मयाचा विचार तेथूनच सुरू केला पाहिजे.

अमेरिकेत प्रसिद्ध झालेले रॉबर्ट व पेगी स्टिन्सन यांचे ‘द लाँग डाइंग ऑफ बेबी अँड्र्यू’ (१९८३) आणि केली व थॉमस फ्रेंच यांचे ‘ज्युनिपर’ (२०१६) ही दोन पुस्तके या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगी आहेत. दोहोंतही आई आणि वडील आपापल्या स्वतंत्र आवाजात बोलतात. परंतु ही द्विदल रचना दोन ठिकाणी अगदी भिन्न कारणांनी अवतरलेली आहे.

अँड्र्यूचा जन्म डिसेंबर १९७६ मधला. गर्भधारणेचे जेमतेम साडेचोवीस आठवडे भरलेले, वजन सुमारे ८०० ग्रॅम. त्याला वाचवण्यासाठी टोकाचे उपाय करू नयेत अशी आईबापांची भूमिका होती. प्रत्यक्षात तो मोठ्या बालरुग्णालयात गेला, त्यांच्या इच्छेविरुद्ध व्हेंटिलेटरवर ठेवला गेला आणि जून १९७७ मध्ये मरण पावला. पुस्तक म्हणजे दोघांच्या दैनंदिन्यांतील उतारे, तारीखवार लावलेले. शेवट शीर्षकातच सांगून टाकल्यामुळे ‘मूल जगेल का’ ही उत्कंठा आरंभीच संपते आणि ‘हे सारे कोण ठरवीत आहे’ हा एकच प्रश्न वाचकापुढे उरतो. शिक्षणासाठी आलेले डॉक्टर पाळीपाळीने बदलतात. नवा येतो तो मागच्याच्या निर्णयाला बांधलेला, आणि पुढच्यावर भार टाकून जाणारा. अशा ठिकाणी अखंड स्मृती राहते ती फक्त पालकांच्या वह्यांत. रॉबर्ट इतिहासाचा अध्यापक आहे. रुग्णालयाच्या कागदांसमोर घरचे कागद उभे करण्याची त्याची रीत त्या पेशातून आलेली दिसते. पेगीचे गद्य मात्र वेगळ्याच जातीचे आहे. ते तिखट आहे, आणि मातेने अशा प्रसंगी काय वाटून घ्यावे याविषयीच्या अपेक्षांना ते जुमानीत नाही. फुप्फुसांचा विकार, मोडलेली हाडे, अधू होत जाणारी दृष्टी ही त्या मुलाची सहा महिन्यांची कमाई. तिच्याकडे पाहणाऱ्या आईचे वात्सल्य ‘थांबा’ या एकाच मागणीत प्रकट होते. वात्सल्यरस म्हणजे कुरवाळणे अशी समजूत बाळगणाऱ्या वाचकाला ते कदाचित दिसणारही नाही.

पुस्तकात उणीव नाही असे नव्हे. डॉक्टर येथे केवळ ऐकू येतात, त्यांना आतून बोलू दिलेले नाही. अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाच्या द्रव्याची कमतरता असते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले होते. पण ते द्रव्य औषध म्हणून देण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९० मध्ये. मधल्या तीस वर्षांत डॉक्टरांपाशी दाब आणि प्राणवायू एवढीच साधने होती, आणि तीच फुप्फुसाला इजाही करीत. कोणते मूल तरेल हे त्यांनाही ठाऊक नव्हते. या अज्ञानाची वेदना पुस्तकात जवळजवळ नाही. दैनंदिनीला फक्त एकच बाजू दिसते, ही या प्रकाराची मर्यादा म्हणून सोडून देता येईल. परंतु पुस्तक सिद्ध करताना, काही वर्षांनी, ती ओलांडणे अशक्य नव्हते.

‘ज्युनिपर’मध्ये नेमके हेच ओलांडलेले दिसते. फ्रेंच दांपत्य पत्रकार. मुलगी २०११ मध्ये, तेवीस आठवडे सहा दिवसांची जन्मली, वजन सुमारे ५७० ग्रॅम. येथे निवड प्रथमच आईबापांपुढे ठेवली गेली : सर्व उपाय करायचे, की वेदना न देता जाऊ द्यायचे? स्टिन्सन दांपत्याला जो अधिकार नाकारला गेला तो येथे हाती येतो, आणि हाती येताच तो किती असह्य आहे हे कळते. पस्तीस वर्षांत घडलेला हा बदल आहे. त्याचे इतके स्पष्ट चित्र एखाद्या नीतिशास्त्रीय प्रबंधातही सापडणे कठीण. केलीने पुढे वैद्यकीय नोंदी तपासल्या, उपचार करणाऱ्यांशी बोलून घेतले. त्यामुळे परिचारिका, शल्यविशारद ही येथे माणसे म्हणून उभी राहतात.

तिची प्रकरणे सरस आहेत. यंत्राने दूध काढून साठवणे हे एकच काम तिच्या वाट्याला आलेले असते. दिवसरात्र घड्याळावर चालणाऱ्या त्या कामाचे वर्णन ती कसलाही गहिवर न आणता करते, आणि त्यामुळेच ते मनात राहते. थॉमसच्या प्रकरणांत मात्र एक धूसर जागा आहे. तो मुलीजवळ बसून ‘हॅरी पॉटर’ वाचतो. पुढचे प्रकरण ऐकण्यासाठी तिने उद्यापर्यंत जगावे, अशी त्यामागची कल्पना. बापाची धडपड म्हणून ती सुंदर आहे. निवेदनात तिला जे वजन मिळते ते मात्र मूल वाचल्यामुळे मिळते. एकामागून दुसरे घडले म्हणून पहिले हे दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे दोन्ही लेखकांना उमगलेले आहे. तरीही कथेचा ओघ वाचकाला तिकडेच नेतो. शेजारच्या पेट्यांजवळ बसून तितक्याच निष्ठेने गोष्टी सांगणारे आणि रिकाम्या हातांनी परतणारे पालक या रचनेत बसत नाहीत.

स्टिन्सन यांच्या पुस्तकात असे झुकते माप कोठेच नाही. अँड्र्यूच्या उपचाराची आकारणी एक लाख डॉलरहून अधिक झाली. तो आकडा त्यांनी इतर नोंदींसारखाच, कसलेही विशेषण न जोडता दिलेला आहे.