ताजमहाल हॉटेलचे भूत : एका दंतकथेची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलची भूतकथा मराठी वाचकाला नवी नाही. हॉटेलचा आराखडा करणारा इंग्रज वास्तुविशारद चेंबर्स काम मार्गी लावून विलायतेस गेला. परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधली गेलेली. समुद्राकडे असावयाचे तोंड शहराकडे, आणि पाठ समुद्राकडे. हे दुःख असह्य होऊन त्याने वरच्या मजल्यावरून उडी घेतली व त्याचा आत्मा जुन्या इमारतीच्या ओवऱ्यांतून अद्याप हिंडतो, असे ही कथा सांगते. सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील बदलतात. मात्र तीन गोष्टी कधीच बदलत नाहीत : वास्तूचा कर्ता साहेब असतो, चूक त्याच्या गैरहजेरीत राबणाऱ्या देशी माणसांची असते, आणि अतृप्त राहण्याचा मान पुन्हा साहेबालाच मिळतो.

भूत आहे किंवा नाही, या वादात शिरण्याचे प्रस्तुत लेखात प्रयोजन नाही. लोककथेच्या अभ्यासकाने कथेला खरेखोटेपणाच्या एकाच तराजूत तोलू नये, हे आता सर्वमान्य आहे. परंतु कथेचा आदर करावयाचा म्हणून तिच्या परिणामांकडे डोळेझाक करावी, असा त्याचा अर्थ होत नाही. ताजच्या भूतकथेने एक परिणाम निश्चित घडविला आहे. ज्या मराठी अभियंत्याने या वास्तूची मूळ कल्पना कागदावर उतरविली, त्याचे नाव तिने लोकस्मृतीतून जवळजवळ पुसून टाकले. तो अभियंता म्हणजे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य.

वास्तूचा कागदोपत्री इतिहास

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला आणि पुढील काही वर्षे मुंबई ओस पडत गेली. व्यापारी व प्रवासी शहर टाळू लागले. या पार्श्वभूमीवर जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी अपोलो बंदरावर (जुन्या मुंबईकरांच्या तोंडी पालवा बंदरावर) मोठे हॉटेल उभारण्याचे ठरविले आणि १८९८ च्या सुमारास कामास आरंभ झाला. आराखड्याचे काम वैद्य व डी. एन. मिर्झा या दोन एतद्देशीय वास्तुविशारदांकडे सोपविण्यात आले.

वैद्य हे नवशिके नव्हते. १८७८ ते १८८८ या काळात बोरीबंदरला व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभे राहिले. त्याचे श्रेय एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांना दिले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्या कामावर सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य, आणि देखरेखीस होते एम. एम. जनार्दन. मधला घुमट, कोपऱ्यांवरचे लहान घुमट, युरोपीय गॉथिक चौकटीत मिसळलेली देशी धाटणी ही टर्मिनसची वैशिष्ट्ये ताजच्या दर्शनी रूपातही ओळखू येतात. दोन्ही वास्तू एका दिवसात पाहणाऱ्याला हे कौटुंबिक साम्य जाणवल्याशिवाय राहत नाही. या साम्याचा दुवा म्हणजे वैद्य होत, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

काम चालू असतानाच १९०० साली वैद्य यांचे निधन झाले. योगायोग असा की स्टीव्हन्स हेही त्याच वर्षी मुंबईत मरण पावले. यानंतर अपुरे काम इंग्रज अभियंता डब्ल्यू. ए. चेंबर्स यांच्याकडे आले व त्यांनी ते तडीस नेले. बांधकामाचा मक्ता खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांचा होता. मध्यभागी घुमटाखाली अधांतरी चढत गेलेला, पाहुण्यांना आजही थबकविणारा जिना हा त्यांच्याच कल्पकतेचा भाग मानला जातो. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल पाहुण्यांसाठी खुले झाले. पुढे पाचच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले.

एवढा क्रम समोर ठेवला की दंतकथेचा मुख्य खांब निखळतो. इमारतीचे तोंड कोणीकडे, याचा निर्णय पाया खणण्यापूर्वी होतो, घुमट चढविताना नव्हे. चेंबर्स यांच्याकडे काम आले ते १९०० नंतर, म्हणजे पाया भरून झाल्यावर. जो आराखडा मुळात आपला नाही, तो आपल्या गैरहजेरीत उलटा बांधला गेला म्हणून कोणी प्राण द्यावा, हे तर्काला धरून नाही. त्यांच्या आत्महत्येला इतिहासात आधारही नाही. शिवाय ज्या कामावर टाटांसारखा मालक स्वतः बारकाईने लक्ष ठेवीत होता, तेथे चार-पाच वर्षे इमारत उलटी चढत राहिली व ते कोणाच्याच ध्यानी आले नाही, हे मानावयास भुतावर विश्वास ठेवण्यापेक्षा अधिक श्रद्धा लागेल.

'पाठ' आणि 'तोंड'

मग इमारतीची पाठ समुद्राकडे का? येथे दंतकथा एका खऱ्या निरीक्षणावर उभी आहे, हे मान्य केले पाहिजे. ताजची मूळ मांडणी इंग्रजी 'यू' या अक्षरासारखी आहे. तिच्या दोन भुजा पश्चिमेस, शहराकडे उघडतात. मूळ प्रवेश त्याच बाजूने होता आणि आज तेथे पोहण्याचा तलाव आहे. पाहुणा शहरातील रस्त्याने घोडागाडीतून येणार, तेव्हा प्रवेशद्वार रस्त्याकडे असणे स्वाभाविक होते. दुपारनंतर बॅकबेकडून येणारा पश्चिमेचा वारा या उघड्या भुजांमध्ये शिरत असे. उलट बाजूच्या लांब दर्शनी भिंतीमुळे अधिकाधिक खोल्यांना बंदराचे दर्शन घडत असे. हॉटेलच्या व्यवसायात ज्या खोलीतून समुद्र दिसतो तिचे भाडे अधिक येते, हे सांगण्यासाठी वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. जी चूक म्हणून सांगितली जाते, ती मुळात विचारपूर्वक केलेली योजना होती.

येथून कथेच्या कालनिश्चितीचा एक धागा हाती लागतो. १९०३ साली हॉटेलसमोर गेटवे ऑफ इंडिया नव्हते. त्याचा पायाभरणी समारंभ १९१३ साली झाला आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली ती कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. कमान व तिच्या भोवतीचे पटांगण तयार झाल्यावर मुंबई पाहावयास येणारा माणूस गेटवेपाशी उभा राहून ताजकडे पाहू लागला. छायाचित्रे, चित्रपट्ट्या, पोस्टाची कार्डे यांतून तीच बाजू 'ताज' म्हणून रूढ झाली. पुढे प्रवेशही समुद्राच्या बाजूस आला व मूळ दर्शनी बाजू मागील दार ठरली. 'इमारत उलटी आहे' हे वाक्य अशाच पाहणाऱ्याच्या तोंडी येऊ शकते. म्हणून ही कथा १९०३ ची नसून तिचा आजचा घाट गेटवेनंतरचा असावा, असे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे. कथेतील चूक गवंड्याची नव्हे, पाहणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेची आहे.

कथेचे परदेशी नातेवाईक

ताजची कथा एकटी नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९०१ साली खुले झालेले केल्व्हिनग्रोव्ह कलादालन आहे. ते उलटे बांधले गेले व हे पाहून वास्तुविशारदाने मनोऱ्यावरून उडी घेतली, अशी हुबेहूब कथा तेथील लोक सांगतात. वस्तुस्थिती अशी की त्या वर्षीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन लगतच्या उद्यानात भरले होते, म्हणून इमारतीचे तोंड मुद्दाम उद्यानाकडे ठेवले गेले. तिच्या दोन वास्तुविशारदांपैकी जॉन सिम्प्सन हे १९१९ ते १९२१ या काळात ब्रिटिश वास्तुविशारदांच्या शाही संस्थेचे अध्यक्ष होते व १९३३ पर्यंत जगले. दोन्ही इमारतींत केवळ दोन वर्षांचे अंतर आहे, आणि मुंबईच्या व्यापारी व अभियंता वर्गात स्कॉटिश मंडळी पुष्कळ होती. कथा कोणत्या दिशेने प्रवासाला निघाली, हे ठरविण्याचा मोह आवरलेला बरा. मात्र तिचा साचा फिरता आहे, हे यावरून स्पष्ट होते.

या साच्यामागे एखादी खरी घटना असू शकते का? व्हिएन्नाच्या ऑपेरागृहाचे उदाहरण येथे आठवते. त्याच्यापुढील रस्ता उंच केला गेल्याने इमारत बसकी दिसू लागली व तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. एदुआर्ड व्हान डेर न्युल या तिच्या वास्तुविशारदाने एप्रिल १८६८ मध्ये आत्महत्या केली. त्याचा सहकारी सिकार्ड्सबुर्ग हाही जूनमध्ये मरण पावला. इमारत १८६९ च्या मे महिन्यात खुली झाली, ती दोघांच्या पश्चात. खऱ्या शोकान्तिकेची ही नोंद पाहिल्यावर ताजच्या कथेचा पोकळपणा अधिकच जाणवतो. व्हिएन्नात टीका आहे, टीकाकार आहेत, तारखा आहेत. मुंबईत केवळ उडी आहे.

आपल्याकडे आग्र्याच्या ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा प्रचलित आहे. तिलाही इतिहासाचा आधार नाही. परंतु तिच्यात निदान कारागीर कर्ता आहे, त्याच्या हाताला किंमत आहे. मुंबईच्या ताजच्या कथेत कारागीर केवळ घोटाळा करणारा आहे.

दोन दंतकथांचा विरोध

या हॉटेलभोवती आणखी एक कथा प्रसिद्ध आहे. वॉटसनच्या हॉटेलात केवळ युरोपियनांना प्रवेश असल्याने जमशेटजींना परत फिरावे लागले आणि त्या अपमानाचे उत्तर म्हणून त्यांनी ताज उभारले, अशी ती कथा. चार्ल्स ॲलन या इतिहासकाराने तिच्याविषयी शंका घेतली आहे. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या संपादकाने शहराला साजेसे हॉटेल हवे, असा धरलेला आग्रह त्याला अधिक संभाव्य कारण वाटतो. आमच्या मते या दोन कथा एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली स्वाभिमानाची : साहेबाने दार लावले, आम्ही त्याहून मोठे दार उघडले. दुसरी भुताची : ते दारही साहेबानेच आखले होते आणि आम्ही ते उलटे लावले. एकच माणूस एकाच बैठकीत दोन्ही कथा रंगवून सांगतो, आणि ऐकणाऱ्यालाही त्यांतील विसंगती खटकत नाही. वसाहतकालीन मनाच्या दुभंगाविषयी मोठमोठे सिद्धांत मांडले जातात. त्यासाठी याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणे कठीण आहे. वैद्य व मिर्झा यांची नावे ठाऊक असती, तर पहिली कथा अधिक बळकट झाली असती व दुसरी उभीच राहिली नसती.

मराठी लोकसमजुतीत भुतांची एक व्यवस्था आहे. मुंज झाल्यावर अविवाहित वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. ज्याची वासना वाड्यात वा धनात गुंतली, तो समंध होतो व त्या जागेची राखण करतो. या व्यवस्थेच्या कसोटीला चेंबर्स उतरत नाहीत, कारण त्यांचे काम पुरे झाले होते. अपुरे राहिले ते वैद्य यांचे. आपणच आखलेली वास्तू पुरी झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. लोककथेच्याच न्यायाने पाहावयाचे तर समंध होण्याचा अधिकार त्यांचा होता. कथेने त्यांना तोही नाकारला.

कोणाच्या मृत्यूची कथा होते व कोणाच्या नाही, हा प्रश्न याला लागूनच येतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला व त्यांची हाक आजही तेथे ऐकू येते, असे पुणेकर सांगतात. त्या कथेच्या मागे खरा खून व रामशास्त्री प्रभुण्यांची चौकशी उभी आहे. आपल्या जिल्ह्यातील सिंदखेड राजाचे लखुजी जाधवराव २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशाही दरबारात मुलानातवंडांसह मारले गेले. त्यांची भव्य समाधी सिंदखेड राजात आहे, पण शनिवारवाड्यासारखी सर्वतोमुखी भूतकथा तिच्याभोवती उभी राहिली नाही. ताजमध्ये तर पहिल्या महायुद्धात सहाशे खाटांचे रुग्णालय होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तेथे ३१ जणांचा बळी गेला, त्यांत पाहुण्यांना वाचविताना पडलेले कर्मचारी होते. जळालेला जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुला झाला. एवढे खरे मृत्यू पाहिलेल्या वास्तूने आपले भूत म्हणून निवडला तो न झालेला मृत्यू. खऱ्या मृतांना आप्त असतात, नावे असतात. त्यांच्याविषयी गंमत म्हणून बोलता येत नाही. दंतकथेला बहुधा असाच मृत लागतो, ज्याच्यासाठी कोणी रडणारे नाही.

क्षेत्रीय अभ्यासासाठी

लोणारच्या विवराविषयी आपण विद्यार्थ्यांना लवणासुराच्या वधाची कथा सांगतो, सोबत दैत्यसूदनाचे मंदिर दाखवितो आणि लगेच उल्कापाताचे शास्त्रही सांगतो. त्या दोन्ही गोष्टी शेजारी नांदू शकतात, कारण तेथील कथा कोणाचे श्रेय हिरावून घेत नाही. मानवनिर्मित वास्तूंच्या कथांची गोष्ट निराळी आहे. जिल्ह्यात ब्रिटिश आमदानीतील ज्या वास्तू आहेत, त्यांच्या आख्यायिका लोकसाहित्याच्या प्रकल्पांत गोळा करावयाच्या असतील, तर नोंदवहीत कथेच्या पाठाशेजारी आणखी दोन रकाने असावेत : कथेत वास्तूचा कर्ता कोण सांगितला आहे, आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात, कोनशिलेवर वा मक्तेदाराच्या वंशजांकडे कोणाचे नाव सापडते. पुष्कळदा दुसरा रकाना कोरा राहील. तो कोराच ठेवावा. तेथे कथेतील नाव उतरवून घेऊ नये.